तिसरा खंड

सूर्य बुडायच्या आत आमचं जेवण होतं,
साडेसहाला ताटं घासून पालथी.
मग रात्र एवढी मोठी उरते
की तिच्यात एखादं राज्य सहज मावतं.

मी बाबगोंडा चौगुले, वय चोपन्न,
सांगलीच्या मार्केट यार्डात, अडत दुकानी दिवाणजी.
दिवसभर हळदीचे सौदे, हमाली, तोलाई,
बोटं पिवळी ती पिवळीच.
म्हणून माझ्या पुस्तकांत पानापानाच्या कोपऱ्याला
अंगठ्याचा पिवळा ठसा आहे,
जणू सही करूनच पुढं गेलोय.

नाद लावला पोरीनं.
श्रेणिका दहावीत, अभ्यासाच्या वहीखाली हे जाडजूड पुस्तक.
काढून घेतलं रागावून, आणि परत दिलंच नाही.
इंग्रजी माझं पावतीपुस्तकापुरतं.
पहिल्या खंडाला अकरा महिने लागले,
डिक्शनरी डाव्या मांडीवर, पुस्तक उजव्या.
'गॉन्टलेट' म्हणजे काय ते सापडेपर्यंत
ज्याच्या हातात ते होतं
तो मेलासुद्धा होता.

धुक्याच्या वेशीची राखणदार वेस्का,
चौदा वर्षांची, एका पायात बूट.
कोर्मथ नावाचा आंधळा ड्रॅगन
तिच्या हाकेच्या अंदाजानं उडायचा.
मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघत चालणारा माणूस मी,
पण कोर्मथनं बंदर जाळलं त्या रात्री
अंथरुणात उठून टाळी वाजवली.
सकाळी बस्तीत उभा राहिलो हात जोडून,
क्षमा नक्की कुणाची मागायची
तेच सुचेना.

हरिपूरला पेवं दाखवायला नेलं होतं पोरीला.
जमिनीच्या पोटात काळोख, हळदीचा वास,
उतरण्याआधी आतली हवा तपासावी लागते.
म्हटलं, कोर्मथ इथंच झोपत असणार बघ.
ती हसली नाही.
वाकून बघत म्हणाली,
'पण बाबा, तोंड बंद केल्यावर तो श्वास कुठनं घेईल?'
परत येताना सगळा रस्ता
आम्ही त्यावरच बोलत होतो.

मग एकोणीसचा पूर.
गावभागातल्या आमच्या घरात छातीएवढं पाणी.
बाकीचे खंड माळ्यावर होते, वाचले.
तिसरा उशीखाली. अर्धा झाला होता.
पाणी ओसरल्यावर गच्चीवर वाळत घातला,
चार दिवस, हळकुंडांसारखा, उलटापालटा करून.
सगळं सुटलं. फक्त पान दोनशे बारा ते दोनशे साठ
गाळानं धरून ठेवलं, वीटच झाली.

दोनशे अकरावर वेस्का पुलाच्या मध्यावर आहे.
समोरून घोडेस्वार, मागून घोडेस्वार.
कोर्मथला हाक मारायला
तिनं तोंड उघडलंय.

श्रेणिका आता पुण्यात. त्याची मालिका आली, आठ सीझन,
तिनं सगळी बघितली, शेवटावर चिडली,
दोन दिवस ऑफिसात कुणाशी बोलली नाही म्हणे.
आता नावही काढत नाही. फोन केला की मीटिंग असते.
दिवाळीला आली तेव्हा वीट हातात घेऊन म्हणाली,
'साडेचारशे रुपयांचं तर पुस्तक, मागवू नवीन?'
नको म्हटलं.
'मग मी सांगू, काय होतं ते?'
आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी यायला लागलं,
तसा मी खिडकीतून बाहेर बघितलं,
समोरच्यांचा आकाशकंदील नीट लागला नव्हता
त्याबद्दल बराच वेळ बोललो.

चौथा, पाचवा खंड अजून पांढरे शुभ्र आहेत.
दोनशे अकराव्या पानाला मात्र
आता हळकुंडाचा रंग आलाय.

परवा कच्च्या वहीत हात चुकला.
मगदूम मालकांनी चष्मा वर केला:
'वेस्का. राजापुरी, बेचाळीस पोती.
ही कुठली हो पार्टी?'
म्हटलं, 'वेशीकडची.'
'उधारी ठेवून पळणारी नाही न्हवं?
कुठाय आत्ता?'

'पुलावर,' म्हटलं.
'अजून पुलावरच आहे.'